तिसऱ्या पानावरचा चौकोन

१२ जून

वहिनी,

तू पाठवलेली दुरुस्ती आज मंजूर केली. फोनच करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोन वाक्यं हवापाण्याची, मग तू "आईंना देते हं" म्हणतेस, आणि आईला बोलता येत नसल्यामुळे मी पाच मिनिटं एकटीच बडबडते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

तर, शाबास. चार वर्षांपूर्वी आईला झटका आला आणि तिची वाचा गेली, तेव्हा मी बोलपाटी लिहिली. टॅबलेटवर चित्रांचे चौकोन, चौकोनाला बोट लावलं की तो शब्द मोठ्याने बोलतो, एवढंच. मग वाटलं, अशी माणसं किती घरांत असतील. म्हणून सगळा कोड खुला ठेवला. कुणीही घ्यावा, वापरावा, चूक सापडली तर सुधारून पाठवावी. शेवटचा शिक्का तेवढा माझा. गेले सहा महिने लोक ओरडत होते की बिल्ड होत नाही, सुटे तुकडे जुळून चालू पाटी तयारच होत नाही. माझ्याकडे तर एका झटक्यात व्हायचं. भल्याभल्यांनी हात टेकले, आणि सापडलं कुणाला, तर छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या आमच्या वहिनीला! एका फाइलच्या इंग्रजी नावातलं पहिलं अक्षर मोठं, आणि आत तिचा उल्लेख करताना लहान. माझं मशीन मोठं-लहान एकच समजतं, बाकीच्यांची समजत नाहीत. एका अक्षरापायी सहा महिने!

बोलता न येणाऱ्या मुलांच्या शाळेतले ते मास्तर सगळ्यांसमोर लिहितात, "अखेर कोड लक्षपूर्वक वाचणारं कुणीतरी भेटलं." म्हणजे मी झोपेत लिहिला होता! असो, चांगलंच झालं. फक्त पुढच्या वेळी आधी मला घरच्या घरी सांग. घरातल्यांनीच घरातल्यांची चूक चारचौघांत काढायची, हे जरा कसंसंच दिसतं.

आईला सांग, पुढच्या महिन्यात येतेय.

खारू

 

१७ जून

प्रिय खारू,

तुझं पत्र आईंना वाचून दाखवलं. चारचौघांचं वाक्य गाळलं.

अगं, मला कुठे माहीत होतं? तुझ्याच नियमावलीत लिहिलंय की दुरुस्ती सगळ्यांना दिसेल अशीच पाठवा. त्या नियमावलीतल्या बावीस ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही मीच काढल्या होत्या, तेव्हा तू हसून मंजूर केल्या होत्यास. तेच धरून मी पुढे गेले. फेब्रुवारीत छापखाना बंद पडला तेव्हापासून हात नुसते शिवशिवतात. दुपारी आई झोपल्या की दोन तास शिकायला बसते. कोड वाचणं आणि मुद्रित वाचणं यात फार फरक नाही गं. अर्थ नंतर कळतो, पण खटकतं आधी.

आता एक खटकलेलं सांगते, आणि या वेळी घरच्या घरी. आईंचा डावा हात हल्ली जास्त थरथरतो. त्या बोट एकदाच ठेवतात, पण टेकता टेकता ते दोन-तीनदा लागतं. तू असं ठेवलंयस की पहिल्या स्पर्शाला शब्द सुरू आणि दुसऱ्याला बंद. त्यामुळे "पाणी" म्हणायला जावं तर नुसतं "पा" येतं. परवा "पा... पा... पा" ऐकून तुझा दादा विचारतो, आई पाढे म्हणतेय का?

मी असं केलंय, की एकदा बोट लागलं की पाऊण सेकंद दुसरा स्पर्श मोजायचाच नाही. ज्याचा जसा हात, तसा तो वेळ कमीजास्त करता येतो. सगळ्या मिळून चौदा ओळी. तुझ्याकडे पाठवल्यात. चुकलं असेल तर कान धर.

आई बऱ्या आहेत. तू येणार म्हटल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या.

तुझी वहिनी

 

५ जुलै

वहिनी,

तुझ्या चौदा ओळी पाहिल्या. अठरा दिवस लागले, कारण मला नोकरी आहे.

ही दुरुस्ती घेता येणार नाही. ती खरंच चालते हे तपासून दाखवणाऱ्या चाचण्या सोबत नाहीत. कोडमधली नावं आपल्या पद्धतीची नाहीत. आणि पाऊण सेकंद हा आकडा आणला कुठून? उद्या कुणी म्हणेल अर्धा, कुणी म्हणेल दीड. बोलपाटी आता हजारो लोक वापरतात, ती एकट्या आईच्या हाताला बेतून शिवायची नाही. एक अक्षर पकडलं म्हणजे सगळं पुस्तक कळलं असं होत नाही, वहिनी. रागावू नकोस, कामाचं बोलतेय.

आईचा हात थरथरतो हे तू मला कळवायची गरज नाही. तो हात मी ओळखते. त्याच हाताने तिने दहावीपर्यंत माझ्या वेण्या घातल्या.

मी स्वतःच नवी मोठी आवृत्ती काढायला घेतलीय. वरचं रंगरूप, बटणं, आवाज, सगळं नव्याने. त्यात याचंही बघीन. त्यामुळे या महिन्यात येणं जमणार नाही. ते मास्तर तुला हल्ली थेट प्रश्न विचारतात असं दिसलं. त्यांना सांग, माझा पत्ता बदललेला नाही.

खारू

 

११ जुलै

प्रिय खारू,

चाचण्या शिकले. चार दुपारी लागल्या. सहा लिहिल्या आणि सहाही उत्तीर्ण. नावं तुझ्या पद्धतीची केली. पुन्हा पाठवलंय.

पाऊण सेकंद आणला कुठून म्हणतेस. आईंच्या शेजारी बसून आणला. तीन दुपारी, दोनशे स्पर्श, कागदावर मांडून. अर्ध्या सेकंदाला शब्द तुटत होता, पाऊणला तुटेना. त्यांनाही त्यात मजा वाटायला लागली होती. शंभर झाले तेव्हा त्यांनी "पुरे" दाबलं आणि स्वतःच हसल्या.

तुझी मंजुरी येईपर्यंत त्यांच्या टॅबलेटवर मी माझी दुरुस्ती चढवलीय. काल त्या ओळीने तीन शब्द बोलल्या: "चहा. गार. नको." माझ्या चहाला नाव ठेवलं, पण मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मास्तरांना तुझा पत्ता दिला. ते म्हणाले, तिथे तीन पत्रं पाठवून झालीत. त्यांच्या वर्गात पाच मुलांचे हात आईंसारखेच आहेत. तेवढं बघशील का?

वेण्यांचं म्हणालीस ते खरंच आहे. तुझ्या वेण्या त्यांनी घातल्या. आता त्यांची वेणी मी घालते, एवढंच.

वहिनी

 

२९ जुलै

वहिनी,

झाली एकदाची! नवी आवृत्ती काल रात्री जगजाहीर केली. सकाळी उठून बघते तर कौतुकाचा पाऊस. "मूळ हात परत आला" असं एकाने लिहिलंय. मी ते तीनदा वाचलं, खोटं कशाला सांगू.

बघशीलच. चौकोनांचे कोपरे गोल केलेत, रंग डोळ्यांना निवांत, आणि पाटी कशी चपळ झालीय! आधी बोट लावल्यावर शब्द यायला जरा वेळ लागायचा, आता लागता क्षणी येतो. दुसरा चौकोन दाबला की पहिला शब्द तिथल्या तिथे थांबून नवा सुरू. कुठे वाट बघणं नाही. तुझं ते थांबवून धरण्याचं प्रकरण यात बसत नव्हतं, म्हणून बाजूला ठेवलंय, नंतर बघू. मास्तर काही बोलले नाहीत. एका माणसाचं समाधान होत नाही म्हणून काय सगळं अडवायचं?

तुला काहीच करायला नको, टॅबलेट आपणहून नवी आवृत्ती उतरवून घेईल. आईला कशी वाटली ते लगेच कळव. तिला सांग, खारूने केलीय.

खारू

 

८ ऑगस्ट

प्रिय खारू,

उशीर झाला, माफ कर. आईंच्या पायाला जरा लागलंय. डॉक्टर बघून गेले, काळजीचं कारण नाही. तू धावत येऊ नकोस.

नवी आवृत्ती दिसायला सुंदर आहे. आईंच्या टॅबलेटवर मात्र सध्या जुनीच परत चढवलीय. एक चूक आढळली, ती नियमाप्रमाणे बोलपाटीच्या जाहीर पानावर नोंदवली आहे. वेळ झाला की बघ.

वहिनी

 

१० ऑगस्ट

वहिनी,

पायाला "जरा लागलंय" म्हणजे काय? कुठे, कसं, कधी? दादा फोन उचलत नाही. माझ्या आईला काय झालं ते मला चार ओळींत गुंडाळून मिळतं आणि चुकीची नोंद मात्र सगळ्या जगासमोर पानभर! ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? तुझ्या चौदा ओळी घेतल्या नाहीत, ते तुझ्या मनातून जात नाही हे सरळ सांग की.

वाचली तुझी नोंद. "एक वापरकर्ती, वय एकाहत्तर. सहा मिनिटांत एक्केचाळीस स्पर्श, एकही शब्द पूर्ण बोलला गेला नाही." सहा मिनिटांत एक्केचाळीस! असं कोण दाबतं? पाटीसमोर माकड बसवलं होतंस का? लोकांपुढे माझं नाक कापायला आकडे रचायचे तर निदान पटतील असे तरी रचायचे. तुझी नोंद मी बंद केली आहे. त्यावर मास्तरांनी "हे गंभीर आहे" म्हणून लिहिलं, त्यांनाही उत्तर दिलंय.

एक विचारते. सगळं माझंच का लागतं गं तुला? आई तुझ्याकडे, घर तुझ्याकडे. माझं म्हणावं असं एक काम होतं, तर त्यातही तू येऊन बसलीस आणि लोक तुलाच विचारतात. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

खारू

 

११ ऑगस्ट

वहिनी,

कालचं पत्र फाड.

नोंदीला तू जोडलेली यादी मी उघडलीच नव्हती. नुसते आकडे बघून भडकले आणि बंद करून मोकळी झाले. आज मास्तरांनी एका ओळीत लिहिलं, "बाई, यादी वाचा." पाटीने स्वतः टिपलेली, मिनिटासेकंदाची यादी. "दुखतंय" अठ्ठावीस वेळा. मग पान उलटायला चार. आणि शेवटचे नऊ स्पर्श "खारू" नावाच्या चौकोनावर.

खारू नावाचा चौकोन जगात एकाच पाटीवर आहे. तो मीच बसवला होता.

माकड हा शब्द मी लिहिला. कुणाबद्दल लिहिला ते आज कळलं.

काय झालं ते सगळं सांग. काही गाळू नकोस. गाडीचं तिकीट काढलंय, पण येण्याआधी मला कळायला हवं.

खारू

 

१३ ऑगस्ट

खारू,

सांगते.

मंगळवारी दुपारी मला वाचा-उपचार केंद्रात बोलावलं होतं. त्यांच्या काही पाट्या चालत नव्हत्या, त्या बघायला. दोन तासांचंच काम. शेजारच्या मावशी घरी बसल्या होत्या. आईंचे पाय गार पडतात म्हणून डॉक्टरांनी गरम पाण्याची पिशवी सांगितलीय. ती मीच भरून त्यांच्या उजव्या पायाशी ठेवली. झाकण नीट बसलं नव्हतं. तो दोष माझा, दुसऱ्या कुणाचा नाही.

पाणी झिरपायला लागलं. उजवी बाजू लुळी, त्यामुळे त्यांना पाय बाजूला घेता येईना. मावशी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या, कपडे धुण्याचं यंत्र धडधडत होतं. त्यांना नुसतं "दु... दु... दु" ऐकू येत होतं. त्यांना वाटलं, आजी टॅबलेटशी खेळताहेत. यंत्र थांबल्यावर आईंचं कण्हणं ऐकू आलं तेव्हा त्या धावल्या. टाचेपासून घोट्यापर्यंत भाजलंय. डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे लागतील.

आदल्या रात्री नवी आवृत्ती आपोआप उतरली होती. तिने माझी दुरुस्ती पुसली. मी सकाळी गोल कोपरे बघितले, पण हात लावून तपासलं नाही. बावीस वर्षं मुद्रितं तपासली मी, आणि त्या दिवशी न तपासता बाहेर पडले.

इथवर तुझा दादाही सांगू शकला असता. पुढचं त्याला माहीत नाही.

पान उलटायला चार स्पर्श का लागले, ते तू विचारलं नाहीस. तुझा चौकोन तू पहिल्या पानावर, अगदी वर बसवला होतास. मे महिन्यात मी तो तिसऱ्या पानावर टाकला. कारण सांगते. आई दिवसातून दहा-दहा वेळा "खारू" दाबायच्या. सकाळी उठल्या की खारू. मी अंघोळ घालतेय, खारू. मी भरवतेय, तोंडात घास, आणि बोट खारूवर. "सून" असाही एक चौकोन आहे, तूच केलेला. चार वर्षांत तो त्यांनी दाबलेला मी पाहिला नाही. तुझा दादा म्हणाला, तू समोरच असतेस, तुला कशाला हाक मारतील? पटतं गं. पण एक दिवस नाही सोसलं. मी तो चौकोन उचलला आणि दोन पानं मागे नेऊन ठेवला. मनाशी म्हटलं, नेहमी लागणारे शब्द पुढे असावेत. तू मला चाचण्या नाहीत म्हणालीस ना, अगदी तसंच कारण.

त्या दिवशी पाय भाजत असताना त्या तीनदा पुढे गेल्या, एकदा मागे आल्या. तुला शोधत होत्या.

आता तू ये आणि काय बोलायचं ते बोल.

वहिनी

 

२१ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

परत आल्यापासून रोज लिहीन म्हणत होते. तिथे दहा दिवस होते, पण आपण दोघी पायाच्या मलमपट्टीबद्दलच बोललो. एकदाच तू स्वयंपाकघरात म्हणालीस, "ओरड तरी," आणि मी म्हटलं, "कुठल्या तोंडाने?" तेवढंच. तुझ्या चौदा ओळी मी तिथे आईच्या पलंगाशी बसूनच घेतल्या, तुला माहीत आहे. अठ्ठावन्न दिवस अडवल्या होत्या. मास्तरांच्या पाच मुलांच्या पाट्या आता बोलतात. त्यांनी आभार तुझेच मानले, आणि मला पुन्हा झोंबलं. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

आज लिहायला कारण वेगळं आहे. सोबत एक पत्र जोडलंय. ते वाचा-उपचार केंद्राचं आहे आणि तुझ्यासाठी आहे. आलं मात्र बोलपाटीच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याकडे. त्यांना पेशंटांच्या शेजारी बसून, हात बघून पाट्या बेतून देणारं माणूस हवंय. आठवड्याला तीन दिवस, पगारी. लिहितात, "थरथरत्या हातांची दुरुस्ती ज्यांनी केली त्याच बाई हव्यात. त्यांच्या कामाबद्दल आपलं मत कळवावं."

हे पत्र चार दिवस माझ्याकडे पडून होतं. पहिल्या दिवशी मी ते उघडलं, बंद केलं आणि कपाट आवरायला घेतलं. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नव्हतं, की बाई, तुम्ही येता का. दुसऱ्या दिवशी मत लिहायला बसले. लिहिलं, "होतकरू आहेत, पण औपचारिक शिक्षण नाही, देखरेख लागेल." एकही शब्द खोटा नव्हता, वहिनी. म्हणून तर तो मजकूर वाचून माझी मलाच भीती वाटली. तिसऱ्या दिवशी इतकं गोड लिहिलं की कुणीही ओळखावं, ही बाई काहीतरी लपवतेय. आज सकाळी जे लिहिलं ते पाठवून दिलंय. तुला कळायला हवं म्हणून उतरवते:

"या बाईंनी जी चूक दुरुस्त केली ती मूळची माझी होती. मला ती चार वर्षांत दिसली नाही. त्यांना दिसली, कारण त्या वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून हात बघत होत्या. मी ती दुरुस्ती अठ्ठावन्न दिवस अडवली. वर कारणं दिली ती तांत्रिक होती. खरं कारण मत्सर. त्या अवधीत एका वृद्ध बाईंना इजा झाली. त्या माझी आई आणि यांच्या सासूबाई. एवढं होऊनही त्यांनी नोंदीत माझ्याविरुद्ध एक शब्द लिहिला नाही. काम त्यांनाच द्यावं. बोलपाटीत काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार आजपासून त्यांनाही आहे."

शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर मी तो अधिकार खरोखरच तुझ्या नावे केला. बटण दाबताना पोटात दुखलं. दुखू दे.

आता तू म्हणशील, तीन दिवस आईंकडे कोण बघणार. माझ्या साहेबांशी बोलले. सोमवार ते बुधवार मी तिथून काम करू शकते. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळच्या गाडीने पोचते. अंघोळ कशी घालायची, पिशवी कशी भरायची, वेणी किती घट्ट बांधायची, सगळं एका कागदावर लिहून ठेव. मोठ्या अक्षरात लिही. आणि मी चुकले तर आईसमोरच सांग.

तुझी
खारू